विनाकारण बटण दाबू नये

आमच्या सासूबाईंनी आमच्या घरात कधीही काही मागितलं नव्हतं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो आहे. पाय मोडल्यावर त्या आमच्याकडे आल्या, त्या पायाला प्लास्टर आणि हातात एक निळी पिशवी घेऊन. प्लास्टर यथावकाश निघालं. पिशवी मात्र पलंगाखाली जशीच्या तशी राहिली. हिने (ही म्हणजे माझी बायको, सासूबाईंची एकुलती एक मुलगी) कपाटातला अख्खा खण त्यांच्यासाठी रिकामा करून दिला होता. त्या खणात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं. कपडे पिशवीतून काढायचे, धुऊन वाळले की घडी घालून परत पिशवीत. "चालायला लागले की जाईनच आता," असं त्या प्लास्टर असल्यापासून म्हणत होत्या आणि आता तर काठी घेऊन चांगल्या चालत होत्या. डॉक्टरांनी एकटीने राहायचं नाही असं बजावलं होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा. त्या पिशवीकडे नजर गेली की ही ती पायाने आणखी आत सरकवायची.

माझ्याशी तर त्या थेट बोलतच नसत. मी समोर बसलेला असलो तरी "त्यांना म्हणावं चहा गार होतोय" असं हिला सांगत. ही घरात नसली तर भिंतीला सांगत. एकदा ही बाजारात गेली असताना त्यांना तहान लागली. मी पाण्याच्या माठापासून हातभर अंतरावर पेपर वाचत होतो. पण त्या ही येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. "त्यांना कशाला त्रास," एवढंच म्हणाल्या. मी काही वाघ नाही हो. ऑफिसातले शिपाईसुद्धा मला घाबरत नाहीत.

मग सुट्टीत कन्या आली आणि तिने माळ्यावरून डबा काढला. डबा म्हणजे तिच्या लहानपणचा, टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा. त्याचं तबकडी वाचायचं तोंड केव्हाच बिघडलं होतं. पण ही मुलगी आता शिकून शहाणी झाली आहे. तिने डब्याच्या आतली व्यवस्था बदलली, आपल्याच जुन्या तबकड्यांवरचे खेळ एका पेन ड्राइव्हवर भरले आणि डबा पुन्हा जिवंत केला. आता तो सुरू केला की कंपनीचं पान येत नसे, कुणा हौशी माणसाने तयार केलेला मेनू येत असे. काळा पडदा, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं, एकाखाली एक ओळी. बरोबर ओळीवर जाऊन बरोबर बटण दाबलं तर खेळ. चुकीचं दाबलं तर अशी पानं उघडायची की परतीची वाट सापडायची नाही.

त्यात एक विटा फोडायचा खेळ होता. वर विटांची भिंत, खाली एक फळी, मध्ये उड्या मारणारा चेंडू. नातीने आजीच्या हातात बटणांचा कंट्रोल दिला आणि माझ्या घरात मी प्रथमच सासूबाईंचा मोठा आवाज ऐकला. "मेला! गेला मेला!" असं त्या चेंडूला उद्देशून ओरडत होत्या. हसत होत्या. एकदा तर त्यांनी पलंगावर हात आपटला. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली आणि तिकडे दूध उतू गेलं.

सुट्टी संपली, कन्या गेली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर सासूबाई काळ्या टीव्हीसमोर बसलेल्या, मांडीवर कंट्रोल.

"लावून देऊ का?" मी विचारलं.

"नको नको," त्या टीव्हीला म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, दमून आले असतील."

त्या क्षणी मी ठरवलं. मेनूच असा करायचा की यांना कुणाला विचारावंच लागू नये. मोठी अक्षरं, मराठी शब्द, चार ओळी. कन्येने फोनवर सांगितलं की हा मेनू कुणालाही बदलता येतो, शब्द, चित्रं, क्रम, सगळं. "पण बाबा, तुम्हाला जमेल का?" असंही तिने विचारलं, ते मी मनाला लावून घेतलं नाही. फार नाही.

कारण पाट्या हा माझा धंदा आहे. मी एका मोठ्या कार्यालयात पाट्या विभागात काम करतो. असा विभाग असतो हे लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं 'रांगेत उभे राहावे' ही पाटी भिंतीवर आपोआप उगवते. ती कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलेली असते आणि तो माणूस मी आहे. 'भिंतीला टेकू नये' ही माझीच. आधीचा मसुदा 'टेकून बसू नये' असा होता. मी दाखवून दिलं की मग लोक टेकून उभे राहतील. साहेब तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले होते. मेनू म्हणजे तरी काय, पाट्याच की. अमुककडे जा, तमुक दाबा.

पहिला अडथळा अक्षरांचा आला. त्या मेनूला मराठी येत नव्हतं. मी 'विटा फोडा' लिहिलं की पडद्यावर वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, आणि मध्ये चौकोनी खिडक्या. समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी बघून "हे कुणाला वाचता येतं?" असं विचारलं आणि मग मी न विचारताच त्यांनी सांगितलं की मागे फुलांचं चित्र टाका, प्रसन्न वाटतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेबही आले. ते नोकरीत असताना मोठे अधिकारी होते आणि ती नोकरी संपल्याचं अजून त्यांना कुणी कळवलेलं नाही. त्यांनी डब्याभोवती फेरी मारली, हात मागे बांधून, आणि "अपडेट केलंय का?" असं विचारलं. सगळ्या यंत्रांचं दुखणं अपडेटनेच बरं होतं असं त्यांचं मत आहे. मी मान डोलावली. ती मान मला पुढे महागात पडली.

कन्या म्हणाली, "शब्द जमत नसतील तर शब्दांची चित्रं टाका. कागदावर लिहा, फोटो काढा, पाठवा मला, कुठे ठेवायचे ते सांगते."

माझं अक्षर कारकुनी आहे, ते फक्त मला आणि नाइलाज झालेल्या लोकांना वाचता येतं. म्हणून मी आमच्या ऑफिसच्या पेंटरकडे गेलो. पेंटर मोठा मानी माणूस. त्याने कधी कुणाचं ऐकल्याचं ऐकिवात नाही.

"पाटी किती लांबून वाचायची?" त्याने विचारलं.

"पलंगावरून."

"कुठल्या खात्याचा पलंग?"

मी त्याला सगळं सांगितलं, सासूबाई, पाय, पिशवी. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण म्हणाला, "म्हातारी माणसं म्हणजे बाण लागेल." मी म्हटलं, मेनूत बाण नको. तो म्हणाला, "बाण नसेल तर मी लिहीत नाही." अशा रीतीने प्रत्येक पाटीला एक जाडजूड लाल बाण आला.

त्याने जेवणाच्या सुट्टीत पाट्या रंगवल्या, झकास रंगवल्या, आणि वाळायला ठेवल्या. कुठे, तर ऑफिसच्या पाट्या जिथे वाळतात तिथेच, मोठ्या व्हरांड्यात, जिथे रिकामा खिळा दिसेल तिथे. मी तेव्हा टपरीवर चहा पीत होतो आणि मनात म्हणत होतो की चांगलं काम कसं सहज होऊन जातं.

परत आलो तर व्हरांड्यात जत्रा. 'मागे जा' ही पाटी रांगेच्या तोंडाशी लागली होती. आमची जनता पाट्यांचं ऐकते, हे माझ्या विभागाचंच यश म्हणायचं. सगळी रांग वळली होती, सकाळपासून उभा असलेला माणूस शेवटी गेला होता आणि आत्ता आलेला पहिला झाला होता, आणि ते दोघे हातघाईवर आले होते. 'पुन्हा प्रयत्न करा' तक्रारीच्या खिडकीवर. 'खेळ संपला' निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर. तिच्यासमोर एक आजोबा बाकावर शांत बसले होते. "एकदाचं कुणीतरी स्पष्ट सांगितलं," असं ते शेजाऱ्याला म्हणत होते. आणि 'विटा फोडा' साहेबांच्या केबिनला खेटून, लाल बाण थेट त्यांच्या दाराकडे.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मेनू आहे, साहेब."

"कॅन्टीनचा?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. 'कार्यालयीन भिंतीवर खासगी विटा फोडण्याचे जाहीर आवाहन आपण का केले, याचा खुलासा करावा.' इतक्या वर्षांच्या नोकरीत मला नोटीस! मी तीन वेळा वाचली. वाक्य चांगलं होतं, हे कबूल करायला पाहिजे. पेंटरला मात्र काही झालं नाही, कारण त्याला नोटीस द्यायची कुणाची छाती होईना. त्याने एवढंच सांगितलं की यापुढे माझ्यासाठी तो टिंबसुद्धा काढणार नाही.

पण पाट्या उतरवण्याआधी मी त्यांचे फोटो काढून घेतले होते. नोटीस खिशात, फोटो मोबाइलमध्ये, अशा मनःस्थितीत मी रविवारी डब्यासमोर बसलो. कन्या फोनवर सांगत गेली, मी करत गेलो, आणि जवळजवळ झालंच होतं. मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात वरचे निवृत्त साहेब प्रगती पाहायला आले आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्यांनी अपडेट सुरू केलेलं होतं.

"बघा, तुम्ही केलंच नव्हतं," ते समाधानाने म्हणाले.

आतून बदललेल्या डब्याला कंपनीचं अपडेट द्यायचं नसतं, ही गोष्ट कन्येने मला इतक्यांदा सांगितली होती की ती मला पाठ होती. पण पाठ असून काय उपयोग, पाटी लावलेली नव्हती. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. साहेब म्हणाले, "आता जरा थंड होऊ द्या," आणि वर निघून गेले. मी कपाळाला हात लावून बसलो. पलंगावर सासूबाई होत्या. त्यांनी भिंतीला सांगितलं, "राहू दे म्हणावं. माझ्यापायी किती हे." तो आवाज ऐकून मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"बाबा, अपडेट नाही ना केलंत?" कन्येने विचारलं.

"मी नाही केलं," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

पोरीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. तिने आपली सगळी रविवारची दुपार फोनवर घालवून माझ्या हातून डबा पुन्हा उभा केला. माझी मान अवघडली, डोळे चुरचुरले, एकदा मी चुकून टीव्हीच बंद केला आणि दोघंही हबकलो. पण संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास पडद्यावर पेंटरचं ते ठसठशीत अक्षर उमटलं आणि मी हिला हाक मारली, समोरच्या वहिनींना बोलावलं, छाती काढून सासूबाईंच्या हातात कंट्रोल दिला.

इथे मला एक गोष्ट सांगायची राहिली. खेळाच्या पाट्यांच्या आधी मी स्वतःच्या अधिकारात, पेंटरकडूनच रंगवून घेतलेली, एक पाटी टाकली होती. पहिलंच पान. कुठलीही सुविधा सूचनेशिवाय सुरू करायची नाही, ही आमच्या विभागाची पद्धत, आणि माझ्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही विचार करण्यासारखं असेल असं मनातही आलं नाही.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "सूचना. बटण हळू दाबावे. विनाकारण बटण दाबू नये. वापर झाल्यावर यंत्र जागच्या जागी ठेवावे. सहकार्याबद्दल धन्यवाद."

वहिनी मागच्या फुलांचं कौतुक करणार होत्या, त्या थांबल्या. सासूबाईंनी कंट्रोल हळूच टेबलावर ठेवला. हळूच, म्हणजे सूचनेत होतं तसा. आणि हिला म्हणाल्या, "त्यांना सांग, मी विनाकारण नव्हते गं दाबत. नात म्हणाली म्हणून हात लावला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी पिशवी पलंगावर होती. खणातलं चष्म्याचं घरसुद्धा तिच्यात गेलं होतं. आणि त्या दिवशी सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. "त्यांना म्हणावं, एक गाडी तेवढी बघून द्या."

ही मला बाल्कनीत घेऊन गेली. चिडली असती तर बरं झालं असतं. ही हळू आवाजात म्हणाली, "घरात कुणी पाट्या लावतं का हो?"

"अगं, पाटी सगळ्यांसाठी असते. कुणा एकासाठी नसते."

"घरात सगळे कोण? बटण दाबणारी ती एकटीच आहे."

आयुष्यभर मी रांगेतल्या अनोळखी माणसांशी बोलत आलो आणि घरातल्या माणसाशी बोलायची वेळ आली तेव्हाही तोच सूर लागला. मला स्वतःची फार लाज वाटली. सासूबाई तहानलेल्या बसल्या होत्या तेव्हाही मी पेपरातून मान वर करून नुसतं विचारायला हवं होतं. पाणी काय, कुणीही देतं.

मी खोलीत गेलो आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून बसलो. "गाडी बघतो," मी म्हणालो. "पण त्याआधी माझं एक काम अडलंय. तुम्हीच करू शकाल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा या घरात त्यांना कुणी काम सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांना नुसते जपत होतो, पाहुण्याला जपावं तसे.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पेंटर, बाण, व्हरांडा, वळलेली रांग. 'खेळ संपला' वाचून बसलेल्या आजोबांपर्यंत आलो तेव्हा त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. नोटीस दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि एकदम भडकल्या. "हा कोण साहेब? एवढ्या वर्षांच्या माणसाशी बोलायची ही रीत झाली?" माझी बाजू या घरात इतक्या जोरात कधी कुणी घेतली नव्हती.

"पेंटर आता लिहून देणार नाही," मी म्हणालो. "माझं अक्षर हे असं. आणि खरं सांगू का, मला पाट्याच लिहिता येतात. घरातलं लिहिता येत नाही. तुम्ही लिहाल?"

त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जाड पेन आहे का?"

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहायला घेतलं. मोठं, गोल, ठाम अक्षर. मी एक शब्दही सुचवला नाही, त्याचं श्रेय मला मिळावं. सुरुवातीच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'चला.' विटांच्या खेळाला 'त्या विटा.' गाड्यांच्या खेळाला 'नातीचा, हात लावू नये,' यावरून समजलं की रक्तात असेल तर पाटी कुणालाही येते. खेळ उघडायला वेळ लागतो तेव्हासाठी, 'येतंय, दम धर.' हरल्यावर, 'मेला.' बंद करायला, 'पुरे आता, डोळे दुखतील.' एक पान बिघाडासाठी लागतं, काहीच सुरू होत नसेल तेव्हा येणारं. तो कागद घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग भरभर लिहिलं आणि कागद माझ्याकडे न बघताच पुढे केला.

'बिघडलंय. जावयांना हाक मार.'

"हे चालेल ना?" त्यांनी विचारलं. भिंतीला नाही, मला विचारलं.

मी म्हटलं, चालेल. गाडीचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही, आणि मी कशाला काढतोय.

आता खण कपड्यांनी भरला आहे, इतका की ही कुरकुरते. निळ्या पिशवीत डब्याच्या वायरी असतात. नोटिशीचा खुलासा सासूबाईंनीच सांगितला आणि मी लिहून घेतला. साहेबांनी तो वाचून फाइल बंद केली, नंतर एकदा आडून विचारलं की लिहिलं कुणी. वरचे निवृत्त साहेब विटा फोडायला येतात तेव्हा सासूबाई त्यांना कंट्रोल देतात, पण डब्याजवळ बसू देत नाहीत.

आणि डबा बिघडतो. महिन्यातून दोनदा, कधी रोज. आतून "अहो! बिघडलं बघा!" अशी हाक येते आणि मी पेपर टाकून धावतो. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. परवा असाच गेलो, तर त्या विटांची अर्धी भिंत फोडून बसलेल्या. मला बसायला जागा करून दिली. चेंडू फळीच्या अगदी कडेला येत होता, मला राहवलं नाही, मी हात पुढे केला. माझ्या हातावर फटका बसला.

"अहो," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "विनाकारण बटण दाबू नका."